उणे तापमानाचे धागे

सूर्याच्या वातावरणातील धाग्याधाग्यांच्या एखाद्या ढगाचे तापमान काढणे आणि एखाद्या समितीचे मत काढणे, या दोन उद्योगांत एक साम्य आहे. दोन्हींच्या शेवटी जे हाती येते ते बहुधा कोणाचेच नसते. शंभर धाग्यांपैकी पन्नास सहा हजार अंशांवर असले आणि पन्नास दहा हजारांवर, तर सरासरी आठ हजार येते. आणि आठ हजार अंशांवर असलेला एकही धागा त्या ढगात नसतो. समितीच्या बाबतीतले उदाहरण वाचकाने स्वतःच्या अनुभवातून घ्यावे.

नागपूरच्या सौर इशारा केंद्रात डॉ. क्षमा अलोणी रोज सकाळी अशीच एक सरासरी पाहत असे. ही सरासरी साधीसुधी नव्हती. तिला कायद्याचे संरक्षण होते. पहिल्या मोठ्या सौरवादळाने उत्तरेकडचे ट्रान्सफॉर्मर जाळून टाकल्यावर देशाला जाग आली, आणि जाग आलेला देश नेहमी जे करतो ते त्याने केले: कायदा केला. त्या कायद्यात लिहिले होते की सूर्यबिंबावरील ढगाचे ‘अलोणी मध्यमान’ नऊ हजार अंशांच्या वर गेले तरच वीजजाळे तोडण्याचा इशारा द्यावा. हे अलोणी म्हणजे प्राध्यापक दिवाकर अलोणी, क्षमाचे वडील, आता शहात्तर वर्षांचे आणि केंद्र चालवणाऱ्या राज्य मंडळाचे वैज्ञानिक सल्लागार. बाप सल्लागार आणि मुलगी कर्तव्यावर, याला आपल्याकडे योगायोग म्हणतात. क्षमालाही लोक तसेच म्हणत, मात्र ती खोलीत नसताना.

हा सारा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगितले पाहिजे. सूर्याचे बाह्य वातावरण दशलक्ष अंशांच्या घरात तापलेले असते. त्यात चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने काही लांबट ढग तरंगत राहतात. ते आसपासच्या मानाने थंड असतात, म्हणजे सहा ते दहा हजार अंश, आणि हजारो बारीक धाग्यांचे विणलेले असतात. कधी तरी ही वीण सुटते आणि ढग पृथ्वीच्या दिशेने उसळतो. वेगवान ढग सतरा-अठरा तासांत येऊन पोहोचतो, लांब वीजवाहिन्यांत नको तो प्रवाह खेळवतो आणि ट्रान्सफॉर्मर आतून भाजून काढतो. वीजजाळ्याचे सुरक्षित तुकडे पाडायला मात्र तीस तास लागतात. म्हणजे ढग निघाल्यावर इशारा देऊन उपयोग नाही. तो निघणार आहे हे आधी कळले पाहिजे.

धाग्याला थर्मामीटर लावता येत नाही. लडाखमधल्या एका उंच सरोवराकाठी उभी असलेली दुर्बीण त्याचा प्रकाश वर्णपटात पसरवते. त्यात हायड्रोजनची एक रेषा दिसते, कॅल्शियमची एक. रेषा जितकी रुंद तितकी अणूंची धावपळ अधिक. ही धावपळ दोन प्रकारची असते, उष्णतेची आणि घुसळणीची. उष्णता हलक्या हायड्रोजनला जोरात पळवते आणि चाळीसपट जड कॅल्शियमला सावकाश. घुसळण मात्र दोघांना सारखीच वाहून नेते. दोन्ही रुंदींची तुलना केली की घुसळण वजा होते आणि तापमान उरते. युक्ती सुंदर आहे, आणि सुंदर युक्त्यांप्रमाणेच तिचे एक गृहीत आहे, ज्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते गृहीत असे की दोन्ही रेषा एकाच धाग्यातून आल्या आहेत.

कधी कधी कॅल्शियमची रेषाच हायड्रोजनच्या रेषेहून रुंद निघते. समीकरण प्रामाणिक असते. ते उत्तर देते: उणे चार हजार. निरपेक्ष शून्याच्याही खाली चार हजार अंश. निसर्गात असे काही असू शकत नाही, म्हणून प्राध्यापक अलोणींच्या प्रयोगशाळेत हे बिंदू गाळून टाकण्याची रीत पडली. त्या पायरीचे नाव गाळणी, आणि गाळणीत उरते तो चोथा. प्रयोगशाळेत एक प्रथाही होती: ज्याच्या निरीक्षणात उणे तापमान निघेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. दुरुस्तीची ही सौम्य पद्धत आहे असे प्राध्यापक अभिमानाने सांगत. तिच्यामुळे पुढच्या पिढीतल्या कोणत्याही विद्यार्थ्याने उणे तापमान तोंडातून काढले नाही. विज्ञानातले एकमत बहुधा असेच तयार होते.

मे महिन्यातल्या त्या सकाळी मध्यमान सात हजार चारशे होते. शांत. क्षमाने अहवाल खाली सरकवला. शेवटच्या ओळीत, जी कोणी वाचत नसे, चोथ्याचे प्रमाण दिलेले असे. एरवी ते शंभरात चार-पाच. आज एकतीस होते.

सूर्यबिंबाच्या मधोमध पसरलेल्या त्या काळपट ढगातला जवळजवळ एक तृतीयांश भाग हिशेबातून वगळला गेला होता, आणि उरलेला शांत होता म्हणून ढग शांत ठरला होता.

तिने लडाखला फोन केला. कॅमेरे ठीक होते, हवा स्थिर होती. मग तिने मागच्या वादळांची निरीक्षणे उघडली आणि गाळणी काढून पुन्हा हिशेब केला. प्रत्येक वादळाच्या आधी चोथा फुगला होता. गेल्या वर्षीच्या वादळाआधीही, ज्याचा इशारा दिला गेला नव्हता आणि ज्यात चंद्रपूर चार दिवस अंधारात होते. त्या चार दिवसांतले रुग्णालयांतील मृत्यू ‘जिल्ह्याच्या दैनिक सरासरीपेक्षा लक्षणीयरीत्या वेगळे नाहीत’ असे मंडळाने जाहीर केले होते. ते वाक्य क्षमाने तेव्हा वाचले होते आणि त्यावर सहीही केली होती.

मग तिला हेमराज बोरकुटे आठवला. ती शाळेत असताना वडिलांचा हा विद्यार्थी हातात ॲल्युमिनियमची किटली घेऊन व्हरांड्यातून येताना दिसायचा. इतरांच्या मानाने बऱ्याच वेळा दिसायचा. त्याचा प्रबंध नामंजूर झाला होता आणि तो गावाकडे निघून गेला होता, एवढेच तिला माहीत होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नामंजूर प्रबंध फेकत नाहीत, तळघरात ठेवतात. तिथे तो तिला सापडला. विषय होता: उणे तापमान.

मध्यमान शांत असताना इशारा द्यायचा तर कायद्यात एकच वाट होती. कर्तव्यावरचा वैज्ञानिक आणि सल्लागार, दोघांनीही हो म्हणायला हवे होते. क्षमा भर दुपारी वडिलांकडे गेली.

प्राध्यापक अलोणी खिडकीशी उभे राहून कूलरमध्ये पाइपने पाणी भरत होते.

“इतक्या उन्हात?”

“बाबा, मध्यमान सात हजार चारशे आहे.”

“मग उन्हात यायचं काय कारण?”

“चोथा एकतीस टक्के आहे.”

त्यांनी नळ बंद केला. “यंत्र तपासलंस?”

“तपासलं. दोन्ही कॅमेरे ठीक आहेत.”

“मग चहा पाज,” ते म्हणाले. ती हसली नाही, तेव्हा त्यांनी पाइप गुंडाळायला घेतला. “बोल.”

“दुर्बिणीला ढगाची लांबी-रुंदी दिसते, खोली दिसत नाही. एकाच बिंदूत पुढे एक धागा असतो, मागे दुसरा. हायड्रोजनची रेषा पुढच्या शांत धाग्यातून येते, कॅल्शियमची मागच्या खवळलेल्यातून. आपण एकाची उंची घेतो, दुसऱ्याचं वजन घेतो आणि तिसऱ्याच माणसाची प्रकृती सांगतो. मग उत्तर उणे येतं, आणि आपण म्हणतो, असा माणूसच नाही.”

“हे एखाद-दुसऱ्या बिंदूत होणारच. म्हणून तर गाळतो.”

“एखाद-दुसऱ्या बिंदूत होतं तेव्हा ते काहीच सांगत नाही. एक तृतीयांश ढगात होतं तेव्हा धागे एकमेकांपासून सुटत असतात. शेजारी शेजारी असून त्यांचं एकमेकांशी काही नातं उरलेलं नसतं. मी सगळी वादळं काढून पाहिली. प्रत्येक वेळी चोथा आधी फुगलाय. चंद्रपूरच्या वेळीही.”

पाइप गुंडाळून झाला होता, तरी ते गुंडाळत राहिले.

“ही भाषा तुझी नाही,” ते म्हणाले. “ते माणसाच्या उंचीचं आणि वजनाचं. ते चौथ्या प्रकरणात आहे.”

प्रबंधातला तो दाखला क्षमाने नकळत उचलला होता; पण तो कोणत्या प्रकरणात आहे हे तिलाही सांगता आले नसते.

“तुम्ही तो पूर्ण वाचला होता?”

“दोनदा.”

“मग?”

“पहिल्यांदा वाचला तेव्हा चूक वाटला.” त्यांनी कूलरची जाळी उचलून खाचेत बसवली. एक बाजू बसेना, ती त्यांनी तळहाताने ठोकली. “दुसऱ्यांदा वाचला तेव्हा बरोबर वाटला. तोवर मध्यमानावरचं माझं पुस्तक छपाईला गेलं होतं.”

चूक झाली असती तर क्षमाने ती समजून घेतली असती. चुका समजून घेण्याचेच तिला शिक्षण मिळाले होते, आणि ते याच घरात. अज्ञान तर विज्ञानाचे भांडवलच असते. पण हे अज्ञान नव्हते. हे ज्ञान होते, आणि ते छपाईच्या वेळापत्रकात बसले नव्हते.

“मला तुमचं हो हवंय,” ती म्हणाली.

“आणि कारण विचारलं तर काय सांगशील?”

“खरं ते सांगीन. नावासकट.”

“कोणाच्या?”

“दोघांच्या.”

ते आरामखुर्चीत बसले. “मी नाही म्हणू शकतो, हे तुला ठाऊक आहे.”

“आहे. मग मला इशारा देता येणार नाही. कायद्याचा मसुदा तुमचाच होता.”

“आणि मी हो म्हटलं अन् काहीच झालं नाही तर?”

“तर तुमचं मध्यमान बरोबर ठरेल आणि माझी नोकरी जाईल. तुमचं काही जाणार नाही. तसं तुमचं कधी काही गेलेलंच नाही, बाबा.”

या घरात असे कोणी बोलत नसे. कूलरचा पंखा घरघरत होता आणि वाळ्याचा ओला वास खोलीत पसरला होता. प्राध्यापकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला.

“तुझ्या आईला तो मुलगा आवडायचा,” ते म्हणाले. “ती म्हणायची, तुमच्याकडे येऊन न घाबरणारा तो एकटाच आहे. सरनाईकांना फोन लाव. स्पीकरवर ठेव, मला हल्ली नीट ऐकू येत नाही.”

निशिकांत सरनाईक हे मंडळाचे अध्यक्ष. ते प्रशासनातून आले होते, आणि कोणत्याही प्रश्नाला दोन बाजू असतात व सत्य त्यांच्या बरोबर मधे असते, ही त्यांची श्रद्धा होती.

“डॉक्टर, आकडा काय म्हणतो?” त्यांनी विचारले.

“आकडा शांत आहे, साहेब. आकडा चुकीचा आहे.”

“अहो, तो अलोणी सरांचा आकडा आहे.”

“आकड्याला माझं नाव आहे,” प्राध्यापक खुर्चीतून म्हणाले. “मला आकड्याचं नाही. क्षमा बरोबर सांगते आहे. सल्लागार म्हणून माझं हो आहे, नोंद करा.”

मग सरनाईकांचा स्वर मऊ झाला. “सर, मी तुमचा आदर करतो. पण अख्खं राज्य बंद करायचं म्हणजे थट्टा आहे का? परवा प्रवेशपरीक्षा आहे, दोन मंत्र्यांच्या घरी लग्नं आहेत. आपण असं करू. मध्यम मार्ग काढू. अर्ध्या राज्याला इशारा देऊ. चुकलो तर अर्धेच चुकलो.”

“ढग अर्धा येत नसतो, साहेब,” क्षमा म्हणाली.

“मी नियमाच्या भाषेत बोलतोय.”

“नियमाच्या भाषेत दोन हो मिळाले की तुमची परवानगी लागत नाही,” प्राध्यापक म्हणाले. “तुम्हाला फक्त कळवायचं असतं. कळवलं.”

त्यांनी हात पुढे करून फोन बंद केला. क्षमाने तिथूनच केंद्राला इशारा पाठवायला सांगितले. निघताना ती नेहमीप्रमाणे वडिलांच्या पाया पडली नाही, आणि ते दोघांच्याही लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढग जागचा हलला नाही. सरनाईकांनी तोवर तीनदा फोन करून “अजून?” एवढेच विचारले. तिसरा फोन चालू असतानाच लडाखच्या दुर्बिणीला ढगाचे एक टोक वर उचललेले दिसले, आणि पाहता पाहता तो उभाच्या उभा बाहेर पडला. सतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळले तेव्हा वीजजाळ्याचे तुकडे पाडून झाले होते. राज्य एक दिवस आणि एक रात्र बहुतांशी अंधारात राहिले. प्रवेशपरीक्षा पुढे गेली. लग्ने जनरेटरवर लागली. कुठेही काही जळले नाही.

आणि काही जळले नाही म्हणून दिवे का घालवले होते, असे लोकांनी विचारले. आग लागली नाही तर बंबवाल्याचा हिशेब मागायचा, ही आपली जुनी शिस्त आहे. तीन संपादकीयांनी क्षमाला भीतीची व्यापारी ठरवले. मग शेजारच्या देशांतून जळालेल्या ट्रान्सफॉर्मरांची छायाचित्रे येऊ लागली, आणि ती दूरदृष्टीची शास्त्रज्ञ झाली. या दोन पदव्यांमध्ये चार दिवसांचे अंतर होते. तिच्या निष्कर्षात तेवढ्या काळात काहीही फरक पडला नव्हता.

तिने मंडळाला दिलेल्या अहवालात पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते की ही कल्पना हेमराज बोरकुटे यांची आहे, त्यांच्या प्रबंधात ती पूर्णपणे मांडलेली आहे, आणि तो नामंजूर का झाला हे प्राध्यापक अलोणी सांगू शकतील. मंडळाच्या उपसमितीने त्यावर शेरा मारला: ‘सदर संदर्भ अप्रकाशित असल्याने विचारात घेता येत नाही.’ तो अप्रकाशित का राहिला, हा प्रश्न उपसमितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता. त्यामुळे चोथ्यावर आधारलेल्या नव्या मापनाला नाव देताना अडचण आली नाही. ‘अलोणी विषमता निर्देशांक’ असे ते एकमताने ठरले.

पाऊस लांबलेल्या जूनच्या अखेरीस सरनाईक स्वतः शाल आणि नारळ घेऊन घरी आले. क्षमाही तिथे होती. त्या दुपारनंतर ती वडिलांकडे येत होती, औषधे आणून देत होती, बोलत मात्र कामापुरतेच होती.

प्राध्यापकांनी शाल हातात घेऊन तिची घडी पाहिली. “जूनच्या नागपुरात लोकरीची शाल,” ते म्हणाले. “मंडळाला तापमानातलं कळतं, यात शंका नाही.”

सरनाईक हसले. “सर, निर्देशांकावर आता जगभर तुमचं नाव राहील.”

“तेच तर. मुलीनं पहिल्याच परिच्छेदात नाव दिलंय, ते तुम्ही वाचलं?”

“वाचलं. पण ते नियमात बसत नाही, सर.”

“हो,” प्राध्यापक म्हणाले. “माझीच शिकवण आहे ही. बसत नाही ते काढून टाकायचं.” त्यांनी शाल सरनाईकांच्या मांडीवर ठेवली. “नारळ राहू द्या, घरी लागतो.”

सरनाईक गेल्यावर त्यांनी नारळ उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “तुझ्याकडे त्याचा नंबर असेल.”

होता. बोरकुटे ब्रह्मपुरीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होता. क्षमाने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे बाकांचे आवाज येत होते, मुलांचा गलका होता.

“हॅलो, कोण बोलून राहिलं?”

“बोरकुटे, मी अलोणी.”

गलका तसाच चालू राहिला. मग दार लोटल्याचा आवाज झाला आणि तो कमी झाला.

“बोला सर.”

“तुझं बरोबर होतं.”

“हो जी. मला माहीत होतं ते.”

“मलाही माहीत होतं,” प्राध्यापक म्हणाले. “तेव्हाच.”

क्षमाने फोनकडे पाहिले. तो चालू होता.

“निर्देशांकाला तुझं नाव द्यावं म्हणून मी मंडळाला लिहितो आहे.”

“नाव राहू द्या सर. नाव घेऊन काय करू? शिकवणीचे पोरं म्हणतील, सर, हे तुम्हीच का.” बोरकुटे थांबला. “तुम्ही प्रबंधावर नामंजूर लिहिलं होतं ना, ते खोडा. मला माझी डिग्री पाहिजे.”

“इतक्या वर्षांनी विद्यापीठाच्या नियमात ते...”

“बसत नाही,” बोरकुटे म्हणाला. “मला पाठ आहे जी.”

प्राध्यापकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“मी लिहितो,” ते म्हणाले. “मी दोनदा वाचला होता आणि दुसऱ्यांदा काय वाटलं होतं, ते सगळं लिहितो. मग त्यांना नियमात बसवू देत, नाही तर मला काढून टाकू देत.”

“लिहा सर.”

“आणि इकडे आलास तर घरी ये. चहा माझ्याकडे लागला.”

पलीकडे तास संपल्याची घंटा झाली.

“मी चहा सोडला, सर,” तो म्हणाला. “त्याच वर्षी. ठेवतो, प्रॅक्टिकल आहे, पोरं वाट पाहून राहिली.”